राजा ग्रांथिक बोलतो, गडी मालवणी

कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रांना दशावतार रंगतो. गावच्या भाषेत धयकालो. हातात संहिता नसते. आख्यान ठरतं आणि पायपेटी-मृदंगाच्या साथीवर संवाद जागच्या जागी रचले जातात. तरी एक रीत कुणाला शिकवावी लागत नाही. मुकुट चढवलेला राजा ‘देवर्षी, आपल्या आगमनाने आम्ही धन्य झालो’ असं भारदस्त, ग्रांथिक मराठी बोलतो. विनोदी गडी ‘म्हाराज, ह्यां काय करून ठेवलास?’ म्हणाला की हशा पिकतो. वेश उतरल्यावर दोघेही मालवणीतच बोलतात.

असाच एक खेळ मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलमध्ये मांडला. तो 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषा अस्खलित येणाऱ्यांकडून त्यांनी एकच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं, माणसं वेगवेगळी आहेत. गळा तोच, पण इंग्रजीतला माणूस जास्त हुशार, जास्त भरवशाचा ठरला, उंचसुद्धा! (आवाजावरून उंची मोजणाऱ्यांना काय म्हणावं?) खरा धक्का पुढेच होता. फ्रेंच भाषकांनीही बहुतेक गुणांत आपल्याच भाषेला खाली बसवलं. फ्रेंच आवाज वर राहिला तो धार्मिकपणात आणि मायाळूपणात. म्हणजे आपल्याकडच्या ‘साधाभोळा कोकणी माणूस’ या शिक्क्यासारखंच: जीव लावावा असा, पण जबाबदारी सोपवावी असा नव्हे.

दोष ध्वनीत असतो का? मालवणीतल्या नाकातल्या स्वरांची सगळ्यात जास्त टिंगल होते. पण प्रमाण मराठीही एकेकाळी ‘काय झालें’ असं अनुस्वार देऊन छापलं जाई. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे उच्चारात न उरलेले अनुस्वार काढून टाकले. मालवणीच्या ‘काय झालां?’मध्ये तो नाकातला सूर अजून ऐकू येतो. जुन्या पोथीत दिसला तर त्याला भाषेचा इतिहास म्हणायचं आणि मालवणच्या मासळी बाजारात ऐकला की गावंढळ!

सगळाच दुजाभाव मात्र खोडसाळ नसतो. शिरी लेव-आरी आणि बोआझ कायसार यांनी 2010 मध्ये शिकागोत दाखवलं, की परका हेल समजून घ्यायला मेंदूला जरा जास्त कष्ट पडतात आणि त्याचं खापर तो विधानाच्या खरेपणावर फोडतो. ‘जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्यावाचून राहतो’ हे वाक्य परक्या हेलात आलं की कमी खरं वाटे. बोलणारा फक्त दिलेलं वाचतोय हे ठाऊक असूनसुद्धा.

ऐकून ऐकून हेल ओळखीचा मात्र होतो. 1980 मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मुंबईकरांचा कान मालवणीला सरावला. त्यातले नट मच्छिंद्र कांबळी यांच्यामुळे मालवणी नाटकाला गर्दी लोटली, घरची माणसं उजळ माथ्याने मालवणी बोलू लागली. हे ऋण मोठंच. पण बाहेरच्यांना मालवणी ऐकताच हसायची सवयही लागली ती लागलीच.

परक्या हेलाबद्दलचा दुरावा किती लवकर सुरू होतो, तेही तपासलं गेलंय. कॅथरिन किन्झलर आणि सहकाऱ्यांच्या 2007 च्या अभ्यासात पाच-सहा महिन्यांची बाळं ओळखीच्या हेलात बोलणाऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली. तेवढ्या वयात वरचा-खालचा असा भेद नसतो, फक्त ओळखीचं आणि अनोळखी. वर-खाली नंतर घरातच शिकवलं जातं. कुडाळ-कणकवलीकडे कितीतरी घरांत आई सासूशी मालवणी बोलते आणि पोराकडे वळली की प्रमाण मराठी. पुढे शाळेत अडायला नको म्हणून. दोन्ही ऐकत वाढलेलं ते पोर तिसरी-चौथीत गेलं की आजीलाच बजावतं, ‘आजी, बाईंसमोर मालवणी बोलू नको हां.’