फडातलं अंग, अंगातल्या करामती

दसरा सरला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी... ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं सांगली-कोल्हापूरकडे, पार कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने कोपीत राहायचं आणि फडात राबायचं. माणसाचं शरीर थंडी, ऊन, जखम आणि विष यांना कसं तोंड देतं, हे बघायचं तर या जोडीच्या अंगाकडेच बघावं.

थडथडणं हेही कामच

डिसेंबरातल्या पहाटे फडात शिरलं की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतो आणि रक्त आतल्या अवयवांकडे वळवतो. काळीज ऊबदार राहतं, बोटं मात्र बधिर होतात. कोयता निसटतो तो अशाच बधिर हातातून. मग अंग थडथडायला लागतं. स्नायू भराभर आखडतात, सैल होतात आणि स्वस्थ बसलेल्या अंगापेक्षा चार-पाच पटींपर्यंत उष्णता तयार करतात. तापातली हुडहुडी हीच. फरक इतकाच, की तापात हायपोथॅलॅमसने अंगाची ठरलेली पातळीच वर नेलेली असते. म्हणून अंग चटके देत असतं आणि माणूस गोधडी मागत असतो.

घाम शहाणा होतो

मार्च उजाडला की उलटा कारभार. माणसाच्या कातडीत २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून जमिनीवर पडलेला घाम मात्र वाया गेला, त्याने अंग थंड होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. नवख्या गड्याचा घाम खारट असतो. उन्हात आठ-पंधरा दिवस काम केलं की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. अंग मीठ राखायला शिकतं. पाणी राखायला मात्र ते शिकत नाही, ते बाहेरूनच लागतं. आणि फडात आडोसा नसतो, म्हणून बायका पाणीच कमी पितात. मग लघवी कमी आणि घट्ट होते, मूत्रमार्गातले जंतू धुऊन जात नाहीत, जळजळ सुरू होते. हे दुखणं घामातून नाही, नसलेल्या आडोशातून आलेलं असतं.

तळहातावरचे घट्टे

कोयत्याची मूठ रोज घासली की कातडीच्या तळातल्या पेशी वेगाने वाढतात आणि केराटिनने भरलेल्या मेलेल्या पेशींचे थर वर रचले जातात. घट्टा म्हणजे अंगाने स्वतः बनवलेलं कवच. काम थांबलं की काही आठवड्यांत ते झडूनही जातं.

कोयता लागला तर

नडगीवर निसटता घाव बसला असं धरा. पहिल्या काही सेकंदांत कापलेली रक्तवाहिनी स्वतःच आकसते. पाठोपाठ प्लेटलेट येऊन चिकटतात. रक्ताच्या एका थेंबातल्याही थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, त्या दीड ते साडेचार लाख असतात. मग फायब्रिनचे धागे त्यांच्याभोवती जाळं विणतात आणि खपली धरते. कडा लाल होतात, सुजतात, कढत लागतात. घाबरायचं कारण नाही, पांढऱ्या पेशी जंतू खायला पोचल्याची ती खूण. मात्र लाली दिवसागणिक पसरत गेली, पू आला किंवा ताप चढला, तर दवाखाना गाठायचा. नवी कातडी येते, पण ती जुनीइतकी कधीच बळकट होत नाही. व्रणाची ताकद फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते. तीही काही महिन्यांनी, आणि जखमेला आराम मिळाला तर. खाड्याचे पैसे कापले जातात म्हणून दुसऱ्याच दिवशी फडात उभं राहिलं की खपली पुन्हा फुटते.

जखमेवर माती किंवा शेण कधीही लावू नका. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं त्यातच असतात आणि त्यांचं विष नसांवाटे मज्जारज्जूकडे चढतं. गंज हे त्याचं कारण नव्हे. जखम धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

आणि मार लागला की आपण ती जागा चोळतो ना, ते अगदी बरोबर आहे. स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूपाशीच अडवतात, हा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये मांडला.

कोपीत साप, पाचटात विंचू

जमिनीवर झोपणाऱ्यांचा खरा वैरी मण्यार. तिचा चावा जवळपास दुखतच नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात. विष नस आणि स्नायू यांच्या जोडावर काम करतं. पापण्यांनंतर घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात. पापणी उचलत नाही, एवढ्यावरून दवाखान्याकडे धावायला हवं.

घोणशीची तऱ्हा वेगळी. तिचं विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकतं. ते ओळखायची परीक्षा इतकी साधी, की तिला वीजही लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरपी करायची. निरोगी रक्ताचा गोळा जागीच राहतो. रक्त पाण्यासारखं ओघळलं, तर विष भिनलंय. उतारा देतात घोडे! त्यांना थोडं थोडं विष टोचतात, आणि त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांतून औषध बनतं.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना थांबूच देत नाही. दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, चढलेला रक्तदाब, थकलेलं हृदय आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडकडे खेड्यात रुग्णांच्या उशाशी बसून हे टिपलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या आणि शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकावर आले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला ती गोळी पद्मश्रीहून मोठी वाटते.

पिशवी काढली, दुखणं राहिलं

२०१९मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. देशात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. अनेकींची चाळिशीही उलटली नव्हती.

शरीर इथे काय करतं ते नीट समजून घ्यायला हवं. पिशवी गेली की पाळी थांबते, पण हार्मोन बनवतात ती बीजकोषं. तीही काढली, तर इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते आणि हाडं झिजायचा वेग वाढतो. ज्या बाईला डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं आहे, तिची हाडं. बीजकोषं ठेवली तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. आणि जिच्यासाठी ऑपरेशन झालं ती कंबरदुखी पुष्कळदा मोळीच्या ओझ्याची असते, पिशवीची नसतेच.

बोभाटा झाल्यावर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं या तक्रारींमागे अनेकदा साधा जंतुसंसर्ग असतो, आणि तपासून दिलेल्या गोळ्यांनी तो सहसा बरा होतो.