व्हिएन्नाच्या वेशीवरून माघार

जुलै १८६६ चा शेवटचा आठवडा. मोराव्हियातल्या निकोल्सबुर्गच्या किल्ल्यात प्रशियाचा राजा विल्हेल्म पहिला आपल्याच पंतप्रधानावर खवळला होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या फौजांनी ऑस्ट्रियाची उत्तर सेना मोडून काढली होती. व्हिएन्ना आता हाकेच्या अंतरावर होतं, विजयी मिरवणुकीचे बेत सुरू झाले होते, आणि बिस्मार्क म्हणत होता, आता पुरे. प्रशियाने ऑस्ट्रियाची वीतभरही जमीन घ्यायची नाही. या सात आठवड्यांच्या युद्धाचा विषय निघाला की बंदुका आणि आगगाड्यांबद्दलच बोललं जातं. मला मात्र त्यातली सर्वांत अवघड लढाई या किल्ल्यात झाली असं वाटतं.

१८१५ पासून जर्मन राज्यांचा एक सैलसर संघ होता. त्याची परिषद फ्रांकफुर्टला भरे आणि अध्यक्षपद ऑस्ट्रियाकडे असे. प्रशियाने १८३४ मध्ये जकात संघ उभारून व्यापाराची सूत्रं हाती घेतली, त्यात ऑस्ट्रियाला जागा नव्हती. एका म्यानात दोन तलवारी राहणं कठीणच होतं. १८६४ मध्ये दोघांनी मिळून डेन्मार्ककडून श्लेसविग आणि होल्श्टाइन हे प्रांत जिंकले आणि पुढच्या वर्षी गास्टाइनच्या कराराने त्यांचा कारभार वाटून घेतला. ही वाटणीच बिस्मार्कला हवं तेव्हा भांडण उकरून काढायला पुरली. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला तो बियारिट्सला भेटून आला. एप्रिल १८६६ मध्ये त्याने इटलीशी तह केला. त्याची मुदत तीनच महिन्यांची होती, म्हणजे युद्ध व्हायचं तर तेवढ्यातच व्हायला हवं होतं.

बर्लिनमध्ये हे युद्ध कुणाला फारसं नको होतं. खुद्द युवराज त्याच्या विरोधात होता. ७ मे रोजी भररस्त्यात एका विद्यार्थ्याने बिस्मार्कवर गोळ्या झाडल्या, त्यातून तो वाचला. १४ जूनला फ्रांकफुर्टच्या परिषदेने प्रशियाविरुद्ध सैन्य उभं करण्याचा ठराव केला आणि संघच संपला असं प्रशियाने जाहीर केलं. सॅक्सनी, बव्हेरिया, हॅनोव्हर, व्युर्टेम्बर्ग अशी बहुतेक मोठी राज्यं ऑस्ट्रियाच्या बाजूने उभी राहिली. पुढे जे झालं ती जर्मनांची भाऊबंदकीच होती.

ऑस्ट्रियाला दोन आघाड्यांवर लढायचं होतं. फ्रान्सने तटस्थ राहावं म्हणून व्हिएन्नाने १२ जूनला पॅरिसशी गुप्त करार केला आणि लढाई जिंकली तरी व्हेनेशिया प्रांत सोडायचं कबूल केलं. बाराच दिवसांनी, २४ जूनला, कुस्तोत्साला आर्चड्यूक आल्ब्रेख्टच्या सेनेने इटालियनांना हरवलं. राजधानीने आधीच सोडून दिलेल्या प्रांतासाठी तिथे हजारो माणसं मेली आणि जखमी झाली. त्यांना हे ठाऊक नव्हतं. या युद्धाबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त चीड इथे येते.

उत्तरेला सेनापती होता बेनेडेक. त्याची बरीचशी हयात इटलीत गेली होती. बोहेमियाचा प्रदेश आपल्या ओळखीचा नाही, हे पद नको, असं तो सांगत होता, पण त्याचं कुणी ऐकलं नाही. समोर होता मोल्ट्के, वय पासष्ट, मितभाषी, नकाशे आणि रेल्वेच्या वेळापत्रकांत रमणारा. प्रशियाकडे सरहद्दीकडे जाणारे पाच लोहमार्ग होते, ऑस्ट्रियाकडे एक. मोल्ट्केने तीन सेना वेगवेगळ्या वाटांनी बोहेमियात उतरवल्या, त्यांची गाठ रणांगणावरच पडायची होती. हा जुगार होता आणि प्रशियातल्याही अनेकांना तो वेडेपणा वाटत होता.

प्रशियाच्या शिपायाच्या हातात द्रायझेची सुईबंदूक होती. ती मागून भरायची असल्याने शिपाई पडल्या पडल्या मिनिटाला चार-पाच गोळ्या झाडू शके. ऑस्ट्रियाची लोरेन्झ बंदूक लांब पल्ल्याची होती, पण ती उभं राहून पुढून ठासावी लागे. त्यात १८५९ मध्ये फ्रेंचांच्या संगिनींनी हरवल्यापासून ऑस्ट्रियन सेनानींनी दाटीवाटीने चालून जाण्याचा धडा घेतला होता. त्राउटेनाउला ऑस्ट्रिया जिंकला, तरी तिथेही जिंकणाऱ्याचीच माणसं कितीतरी जास्त पडली. १ जुलैला बेनेडेकने सम्राट फ्रान्झ जोसेफला तार करून वाटेल त्या अटींवर तह करण्याची विनंती केली. तह करणं शक्य नाही, असं उत्तर आलं.

३ जुलैला सादोवा गावाजवळ, क्योनिगग्रेट्सच्या किल्ल्यासमोर, दोन्हीकडचे मिळून चार लाखांवर सैनिक पावसात भिडले. दुपारपर्यंत पारडं ऑस्ट्रियाकडे झुकलेलं होतं, त्याच्या तोफा सरस होत्या. पण उजवी बाजू राखण्याची जबाबदारी असलेल्या दोन कोअर श्वीपवाल्डच्या जंगलात प्रशियाच्या एका डिव्हिजनशी झुंजण्यात गुंतल्या आणि ती बाजू उघडी पडली. प्रशियाच्या तीन सेनांपैकी युवराजाची सेना अजून पोचायची होती. तिच्याकडे जाणारी तारेची लाइन तुटलेली, म्हणून निघण्याचा हुकूम रात्री घोडेस्वाराने नेला होता. चिखल तुडवत ती नेमकी त्याच बाजूने आली आणि दुपारी ख्लुमची टेकडी पडली. ऑस्ट्रियाची मेलेली, जखमी आणि कैद झालेली मिळून सुमारे ४४ हजार माणसं गेली, प्रशियाची सुमारे नऊ हजार.

आता बिस्मार्कला घाई झाली. नेपोलियन मध्यस्थीला पुढे सरसावला होता. प्रशियाच्या छावण्यांत कॉलरा शिरला होता. या युद्धात प्रशियाचे जितके सैनिक शत्रूने मारले, त्याहून जास्त रोगराईने नेले. त्याहीपलीकडे बिस्मार्कची नजर पुढच्या युद्धावर होती. त्या युद्धात ऑस्ट्रिया शत्रूच्या गोटात असायला नको होता. राजा ऐकेना. खिडकीतून उडी टाकावी असा विचार तेव्हा मनात आला होता, असं बिस्मार्कने आपल्या आठवणींत लिहिलं आहे. अखेर युद्धाला विरोध करणारा युवराजच मदतीला धावला आणि त्याने वडिलांची समजूत काढली. २६ जुलैला तहाचा मसुदा ठरला, २३ ऑगस्टला प्राग इथे तह झाला. ऑस्ट्रिया जर्मनीच्या राजकारणातून बाहेर पडला, दोन कोटी थालर भरपाई द्यायची ठरली, व्हेनेशिया इटलीला मिळालं.

या संयमाला दयाबुद्धी म्हणता येणार नाही. ज्यांची उद्या गरज पडणार नव्हती, त्यांना प्रशियाने गिळलं. हॅनोव्हर, हेस्से-कासेल, नासाउ ही राज्यं नकाशावरून पुसली गेली. फ्रांकफुर्ट या स्वतंत्र नगरीकडून सुमारे साठ लाख गुल्डन वसूल केल्यावर आणखी अडीच कोटींची मागणी आली. निकोल्सबुर्गचा मसुदा ठरण्याच्या दोनच दिवस आधी फ्रांकफुर्टच्या महापौराने, फेल्नरने, गळफास लावून घेतला.

व्हिएन्नाला बळीचा बकरा हवा होता, तो बेनेडेकच्या रूपाने मिळाला. त्याची चौकशी सम्राटाने थांबवली, पण आपल्या बचावासाठी अवाक्षर काढणार नाही असं वचन त्याच्याकडून घेतलं गेलं. ते मिळाल्यावर सरकारी वृत्तपत्राने सगळा दोष त्याच्यावर ढकलला. १८८१ मध्ये तो ग्रात्स इथे वारला. लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार करू नका, असं तो लिहून गेला होता.

दुबळ्या झालेल्या सम्राटाला १८६७ मध्ये हंगेरीशी तडजोड करावी लागली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी हे जोडराज्य जन्माला आलं. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं तेव्हा व्हिएन्नात सूड घ्यावा म्हणणारे बरेच होते, तरी ऑस्ट्रिया तटस्थ राहिला. नऊ वर्षांनी तर तो जर्मनीचा दोस्त झाला. फ्रान्सच्या बाबतीत मात्र बिस्मार्कने असा हात आवरला नाही. १८७१ मध्ये अल्सेस आणि मेट्ससह लॉरेनचा भाग जर्मनीने घेतला. सेनानींना मेट्सचा किल्ला हवा होता, आणि यावेळी त्यांचंच चाललं.