न पडलेली खपली

गुडघा खरचटला की रक्त येतं, मग ते साकळतं, त्यावर खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत ती आपसूक पडते. खाली नवी कातडी आलेली असते. पण पोरं थांबत नाहीत. खपली सोलतात, पुन्हा रक्त, पुन्हा खपली. असं तीन-चारदा झालं की तिथे जन्माचा वण राहतो. मूत्रपिंडात वण कसा पडतो हे समजायला एवढा गुडघा पुरतो, कारण दोन्हीकडे राबणारी प्रथिनं बरीचशी तीच आहेत: थ्रॉम्बिन, फायब्रिनोजेन, फायब्रिन. किडनीतली खपली मात्र दिसत नाही आणि दुखतही नाही.

या विषयावर घरोघरी जे बोललं जातं ते दोन शब्दांभोवती फिरतं. रक्त ‘घट्ट’ झालं आणि रक्त ‘पातळ’ करायची गोळी. हे दोन्ही शब्द दिशाभूल करतात आणि त्यापायी माणसं चुकीची औषधं घेतात किंवा हवी ती बंद करतात. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

“गुठळी अडकली, म्हणून किडनी गेली”

कधीकधी असंही होतं. मूत्रपिंडाच्या मुख्य शिरेत गुठळी होऊ शकते. पण बहुतेकांची किडनी अशी एका झटक्यात तुंबून जात नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात. गाळणी म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा पुंजका. आजारानं या वाहिन्यांच्या भिंती बिघडल्या की एरवी रक्तातच राहणारं फायब्रिनोजेन बाहेर झिरपतं. ते जिथे असायलाच नको तिथे थ्रॉम्बिन त्याचे फायब्रिनचे धागे करतं. नळी बुजण्यापेक्षा नळीबाहेर गळणं इथे जास्त महत्त्वाचं.

शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच गाळण्यांवर हल्ला केला की हे सगळ्यांत ठळक दिसतं. वाहिनी फाटते, फायब्रिन गाळणीभोवतीच्या पिशवीत सांडतं, त्याच्याभोवती पेशी गोळा होतात आणि बायोप्सीच्या काचपट्टीवर चक्क चंद्रकोर उमटते. डॉक्टर तिला ‘क्रेसेंट’ म्हणतात. सुरुवातीला ही कोर पेशींची असते, पुढे ती राठ तंतूंची होते. तशी झाली की ती गाळणी परत मिळत नाही. वासाली आणि मॅक्लस्की या संशोधकांनी १९६४ मध्ये सशांना रक्त साकळू न देणारं औषध देऊन या कोरी रोखता येतात हे दाखवलं. नंतर मलायातल्या एका सापाच्या विषापासून काढलेल्या अँक्रॉडनं सशांच्या रक्तातलं फायब्रिनोजेनच संपवलं, तेव्हाही मूत्रपिंडाचं नुकसान कमी झालं.

“साकळणं म्हणजे नुसतं बूच बसणं”

हा समज एकेकाळी शास्त्रज्ञांचाही होता. थ्रॉम्बिनचं काम रक्त गोठवणं, एवढंच मानलं जाई. १९९१ मध्ये पेशींच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बिनला ओळखणारा एक ग्राहक सापडला, पार-१ नावाचा. त्याची रचना विलक्षण आहे. थ्रॉम्बिन त्याचं टोक कापतं आणि कापल्यावर उघडं पडलेलं नवं टोक वळून त्याच ग्राहकाची कळ दाबतं. किल्ली कुलपातच दडवलेली, थ्रॉम्बिन फक्त तिच्यावरचं वेष्टन काढतं. कळ दाबली गेली की पेशीला निरोप जातो: इथे जखम आहे, डागडुजी करा. मूत्रपिंडातल्या पेशी मग कोलॅजेन, म्हणजे वणाचे राठ तंतू, बनवू लागतात. फायब्रिनोजेनही तंतू विणणाऱ्या पेशींना वाढायला उत्तेजन देतं.

डागडुजी वाईट नाही, ती न थांबणं वाईट. फायब्रिन विरघळवायला शरीराकडे प्लाझ्मिन आहे आणि त्याला लगाम घालायला पीएआय-१ नावाचं प्रथिन. निरोगी मूत्रपिंडात हे पीएआय-१ नगण्य असतं, आजारी मूत्रपिंडात ते भरमसाट बनतं. खपली पडायला हवी ती पडत नाही. शिवाय पीएआय-१ दाह करणाऱ्या पेशींनाही त्या जागी बोलावतं, म्हणजे त्याचं नुकसान दुहेरी. अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक पीएआय-१चं उत्पादन वाढवतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी दिली जाते ती रक्तदाबासाठी तर खरीच, पण अँजिओटेन्सिनचा हात धरला की वण पडण्याची ही वाटही अरुंद होते. ‘बीपी आता नॉर्मल आहे’ म्हणून ती गोळी परस्पर बंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

“मग रक्त पातळ करायची गोळी घेतली की झालं”

मला सर्वांत काळजी वाटते ती या समजाची.

एक तर या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. वॉरफरिन यकृतात के जीवनसत्त्वाचं काम अडवतं, त्यामुळे साकळण्याचे काही घटक अर्धवट बनतात. ॲस्पिरिन रक्तबिंबिका एकमेकींना चिकटू देत नाही. रक्ताचा दाटपणा आहे तसाच राहतो. दिवसभर तांब्या-तांब्या पाणी प्यायल्यानंही यातलं काही बदलत नाही.

सशांवर जे जमलं ते माणसांवर करून पाहिलं गेलं नाही असं नाही. हेपारिन-वॉरफरिन देऊन झालं, पण रक्तस्रावाचा धोका मोठा आणि फायद्याचा पुरावा तोकडा. चंद्रकोरींच्या आजारावर आजही मुख्य उपचार स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, रिटुक्सिमॅब असे प्रतिकारशक्तीला आवर घालणारेच आहेत. उलट वॉरफरिनचा परिणाम मर्यादेबाहेर गेला, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो ते मोजणारा आयएनआर हा आकडा तीनच्या वर चढला, तर गाळण्यांतून रक्त झिरपून लालपेशींच्या गाठींनी मूत्रपिंडाच्या नलिका तुंबू शकतात. त्यात ज्यांचं मूत्रपिंड आधीच अधू आहे त्यांना हा धोका जास्त. के जीवनसत्त्वावर अवलंबून असलेलं आणखी एक प्रथिन धमन्यांत कॅल्शियम साचू देत नाही. वॉरफरिन त्यालाही निकामी करतं.

याचा अर्थ ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांनी गोळी सोडावी असा मुळीच नाही. त्यांचा जीव त्या गोळीवर आहे. त्यांनी आयएनआर वेळच्या वेळी तपासावा. पण ‘किडनीसाठी चांगली’ म्हणून शेजाऱ्याची गोळी कुणीही घेऊ नये.

“किडनीच्या रुग्णाचं रक्त घट्टच असतं”

ते साकळतंही लवकर आणि थांबतही नाही लवकर. गाळणी फुटकी असते तेव्हा लघवीतून अँटिथ्रॉम्बिन हे साकळणं आवरणारं लहान प्रथिन वाहून जातं, मोठं फायब्रिनोजेन मात्र रक्तातच राहतं. त्यामुळे गुठळ्या होतात. आजार बळावून रक्तात विषारी द्रव्यं साचली की रक्तबिंबिका मंदावतात, मग साधी दाढ काढली तरी रक्त थांबत नाही. एकाच माणसात दोन्ही संकटं नांदू शकतात.

“घोणस चावली, रक्त गोठत नाही, म्हणजे गुठळीचं भय नाही”

हा समज आपल्या मातीतला, म्हणून मुद्दाम शेवटी. घोणसीच्या विषात साकळण्याच्या साखळीतला दहावा आणि पाचवा घटक थेट जागे करणारी द्रव्यं असतात. विष अंगात गेलं की सगळीकडे एकदम फायब्रिन बनू लागतं आणि त्यात फायब्रिनोजेनचा साठा संपतो. हिरड्यांतून, जखमेतून रक्त थांबत नाही ते कच्चा माल उरला नाही म्हणून. त्याच वेळी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्यांत फायब्रिन साचलेलं असू शकतं. त्यात रक्तदाब कोसळणं आणि विषाचा थेट मारा यांची भर. काही रुग्णांत मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मरतो आणि तिथे कायमचा वण राहतो.

त्यावर रक्त गोठवायचं किंवा ‘पातळ’ करायचं औषध हा उपाय नव्हे, प्रतिविष हाच उपाय. ब्लेडनं चिरणं, आवळून बांधणं यात वेळ दवडू नये. रुग्णालयात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिलं तर विष रक्तात भिनलंय हे कळतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं.

जखम भरली, घरी सोडलं, की तपासण्या तिथेच थांबतात. किडनीचं निम्मं काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, फारसं वाढत नाही, म्हणून एकच ‘नॉर्मल’ रिपोर्ट पुरेसा नाही. तुमच्या घरात, वाडीवर, ऊसतोडीच्या टोळीत कुणी घोणसीच्या दंशातून वाचलं असेल आणि त्या वेळी त्याची लघवी कमी झाली असेल किंवा डायलिसिस लागलं असेल, तर त्याला तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासायला घेऊन जा.