एक धावपट्टी, एक विमान

विरारकडे जाणाऱ्या लोकल गाडीतून तुम्ही अनेकदा प्रवास केला असेल. नालासोपारा स्थानक मागे पडते, आता विरार येणार म्हणून माणसे पिशव्या सावरून दारापाशी उभी राहतात. आणि नेमकी त्याच वेळी गाडी मध्येच थांबते. समोरचा सिग्नल तांबडा असतो. पुढची गाडी अजून फलाट सोडून गेलेली नसते, म्हणून आपल्या गाडीस पुढे जाण्याची आज्ञा मिळत नाही. कोणी घड्याळ पाहतो, कोणी कुरकुर करतो. पण त्या दोन मिनिटांच्या खोळंब्यामुळेच हजारो माणसे सुखरूप घरी पोहोचत असतात.

आता मान वर करून आकाशाकडे पाहा. वसईवरून एखादे विमान चाललेले दिसेल. आगगाडीला रुळावर थांबवता येते. पण या विमानाला कोणी तांबडा दिवा दाखवला, तर ते काय करील? ते आकाशात उभे राहू शकत नाही. पंखांवरून हवा वेगाने वाहत असते, तोपर्यंतच विमान तरंगते. वेग गेला की आधार गेला. मग जे वाहन थांबू शकत नाही, त्याला वाट पाहायला कसे लावायचे?

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी फार दूर जावयास नको. वसई रोड स्थानकापासून लोहमार्गाने सुमारे तीस किलोमीटरवर अंधेरी आहे. तेथून जवळच मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत. परंतु त्या समांतर नाहीत. कात्रीच्या पात्यांप्रमाणे त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही आणि बहुतेक सारा भार एकट्या मुख्य धावपट्टीवर पडतो. २४ नोव्हेंबर २०१७ रोजी संपलेल्या चोवीस तासांत येथे ९६९ विमानांची ये-जा झाली. भागाकार करून पाहा, म्हणजे सरासरी दर दीड मिनिटास एक विमान चढले किंवा उतरले असे दिसेल.

उतरण्याच्या वेळी मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर असतो. म्हणजे ते एका सेकंदात जवळजवळ सत्तर मीटर अंतर तोडते. एकामागून एक उतरणाऱ्या दोन विमानांत साधारणपणे साडेपाच किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर ठेवलेले असते. आकडा मोठा वाटतो. पण हे अंतर कापण्यास विमानाला जेमतेम ऐंशी सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत पुढच्या विमानाने वेग आवरून धावपट्टीबाहेर पडले पाहिजे. मधल्या वेळात दुसरे विमान उडवायचे असेल, तर अंतर आणखी वाढवावे लागते. कोणास थोडा जरी उशीर झाला, तरी दोन विमाने एकाच धावपट्टीवर येण्याचा धोका निर्माण होतो.

म्हणूनच, एका वेळी धावपट्टीवर एकाच विमानाचा अधिकार, हा विमानतळाचा मूळ नियम होय. तो पाळला जातो की नाही, हे पाहणारे नियंत्रक उंच मनोऱ्यात बसलेले असतात. त्यांच्या आज्ञेवाचून कोणतेही विमान धावपट्टीवर पाऊल टाकीत नाही.

या नियमाचा भंग झाला तर काय होते, हे जगाने २७ मार्च १९७७ रोजी पाहिले. अटलांटिक महासागरातील टेनेरिफ बेटावर दाट धुके पसरले होते. दोन प्रचंड विमाने एकाच धावपट्टीवर होती. एक टोकाशी उड्डाणाच्या तयारीत उभे होते. दुसरे त्याच पट्टीवरून हळूहळू पुढे येत होते. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना पहिल्या विमानाने धाव घेतली. आपण अजून धावपट्टीवरच आहोत, असे दुसऱ्या विमानातून सांगितले गेले. पण त्याच क्षणी मनोऱ्यातूनही कोणी बोलत होते. दोन संदेश एकमेकांत मिसळले आणि पहिल्या विमानात केवळ कर्कश आवाज ऐकू आला. विमाने एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

या आपत्तीतून जगाने धडा घेतला. ‘उड्डाण’ या अर्थाचा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी नाही, असा दंडक पडला. नियंत्रकाची आज्ञा वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची, नुसते ‘ठीक आहे’ म्हणायचे नाही, यावर कटाक्षाने भर दिला जाऊ लागला. पुढे अनेक मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत तांबड्या दिव्यांच्या रांगा बसवण्यात आल्या. हाच जमिनीवरील विमानाचा सिग्नल.

परंतु जे विमान आकाशात आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी योजलेला उपाय साधा आहे. धावपट्टी मोकळी नसेल, तर विमानाने उतरायचेच नाही. नियंत्रक ‘गो अराउंड’ अशी आज्ञा देतो. वैमानिक तत्काळ इंजिनांची शक्ती वाढवतो, विमानाचे नाक वर उचलतो आणि विमान चढू लागल्यावर चाके पोटात ओढून घेतो. ठरलेल्या वाटेने ठरलेल्या उंचीवर जाऊन ते पुन्हा रांगेत आपली जागा घेते व दुसऱ्यांदा खाली येते. वाऱ्याचा झोत, पावसाळी ढगांनी झाकलेली धावपट्टी किंवा स्वतःच्या विमानाचा न जमलेला वेग, यांपैकी कोणत्याही कारणाने वैमानिक स्वतः होऊनही असा निर्णय घेऊ शकतो. त्यासाठी त्याला आधी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. या कृतीचा सराव त्याच्याकडून पुनःपुन्हा करून घेतलेला असतो.

ही दक्षता आजही किती आवश्यक आहे, हे मुंबईनेच दाखवून दिले. ८ जून २०२४ रोजी इंदूरहून आलेले एक विमान येथील मुख्य धावपट्टीवर उतरले, तेव्हा तिरुवनंतपुरमकडे निघालेले दुसरे विमान त्याच धावपट्टीवरून उड्डाण करीत होते. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. तरीही हा प्रसंग ‘काही झाले नाही ना’ म्हणून सोडून देण्यात आला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची चौकशी सुरू केली. जो अपघात टळला, त्याचीही कारणे शोधणारा समाजच पुढचा अपघात टाळू शकतो.

जमीन हाताशी आली असता विमान अचानक गर्जना करून वर झेपावले, की प्रवाशांच्या काळजात धस्स होते. ‘वैमानिकाला उतरता आले नाही,’ असे कोणी म्हणतो. खरे पाहता, त्याने उतरण्याचा मोह आवरलेला असतो. इंधन खर्च होईल, उशीर होईल, लोक नावे ठेवतील, हे त्याला ठाऊक असते. आणि तरीही तो मागे फिरतो. पुढे जाण्यास धैर्य लागते, तसेच योग्य वेळी मागे फिरण्यासही लागते.

पुढच्या वेळी विरारच्या अलीकडे गाडी थांबली, की समोरच्या तांबड्या दिव्यावर रागावू नका. तो तुमच्या घराची वाट अडवीत नाही. ती वाट राखीत असतो.

अभ्यास

१. विमानाला आकाशात थांबून का राहता येत नाही?
२. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकाच वेळी स्वतंत्रपणे का वापरता येत नाहीत?
३. टेनेरिफ येथील अपघातानंतर बोलण्याच्या पद्धतीत कोणते नियम कडक झाले?
४. ‘योग्य वेळी मागे फिरण्यासही धैर्य लागते.’ तुमच्या अनुभवातील एखादा प्रसंग सांगून हे वाक्य स्पष्ट करा.