दिवाळसण नव्या जावयाचाच

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या भाच्याला पुण्याची मावशी दर दिवाळीला फोनवर हमखास विचारते, "तुमच्याकडे म्हणे आयफोन फुकट वाटतात. मग येताना एक आण की!" भाचा हसून विषय बदलतो. जाहिरात खरी असते, पण तळाशी बारीक अक्षरांत ‘नवी लाइन घेणाऱ्यांसाठी’ असं छापलेलं असतं. भाचा गेली आठ वर्षं त्याच कंपनीचं बिल इमानेइतबारे भरतो आहे. तो ‘नवा’ कुठून होणार?

आपल्याकडे पहिल्या दिवाळसणाला जावयाच्या बोटात अंगठी येते. दहा वर्षांनी त्याचीच बोळवण शर्टपीसवर होते. अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या हाच न्याय लावतात. तिथे फोन नसलेला माणूस शोधून सापडत नाही. व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल या तीन बड्यांना वाढायचं तर एकमेकांची गिऱ्हाइकंच पळवावी लागतात. नोव्हेंबर २००३ पासून तिथे नंबर न बदलता कंपनी बदलता येते, त्यामुळे पळवणं सोपंही झालं. साहजिकच आमिषाचा पैसा बाहेरच्याला खेचण्यात जातो; घरातला कुठे जातोय, असं कंपनी धरून चालते.

पूर्वी जुन्या गिऱ्हाइकाची स्थिती बरी होती. २००८ साली आयफोन थ्री-जी दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळायचा. फोनची उरलेली किंमत कंपनी मासिक बिलातून वसूल करायची. दोन वर्षं सरली की जुन्या गिऱ्हाइकालाही पुन्हा सवलतीत नवा फोन मिळायचा. २०१३ मध्ये टी-मोबाइलने हे करार मोडीत काढून फोनचे पैसे आणि सेवेचे पैसे वेगळे केले. २०१५-१६ पर्यंत इतर दोघीही त्याच वाटेने गेल्या. करार गेले, गिऱ्हाईक मोकळं झालं असं वाटलं. पण बांधून ठेवणारा दोर मागच्या दाराने परत आला. त्याचं नाव ‘बिल क्रेडिट’.

त्याची रीत अशी. ८०० डॉलरच्या फोनचे ३६ हप्ते केले तर महिन्याला साधारण २२ डॉलर पडतात. बिलात एका ओळीत हे २२ डॉलर चढतात आणि खालच्या ओळीत तेवढेच वजा होतात. झाला फोन ‘फुकट’. विसाव्या महिन्यानंतर कंपनी सोडायची म्हटलं की वजावट तिथेच थांबते आणि उरलेल्या १६ हप्त्यांचे जवळपास ३५५ डॉलर भरावे लागतात. व्हेरायझन आणि एटी अँड टी यांचे हप्ते ३६ महिन्यांचे, टी-मोबाइलचे बहुधा २४ महिन्यांचे असतात. कागदावर करार नसला तरी सुटका दोन-तीन वर्षांनीच.

एटी अँड टीने ऑक्टोबर २०२० मध्ये नव्या-जुन्यांना सारखीच ऑफर जाहीर केली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पण तिथेही जुना फोन परत द्यायचा आणि ठरावीक अनलिमिटेड प्लॅन घ्यायचा, या अटी असतातच. ज्याने वर्षानुवर्षं जपलेला स्वस्त प्लॅन धरून ठेवला आहे, त्याला तो सोडावा लागतो. समजा, नवा प्लॅन महिन्याला २० डॉलरने महाग पडला, तर ३६ महिन्यांत ७२० डॉलर जास्त गेले. शिवाय बऱ्याच राज्यांत विक्रीकर फोनच्या पूर्ण किमतीवर आणि पहिल्याच दिवशी लागतो. त्यात जोडणी शुल्काचे ३५ डॉलर किंवा थोडे जास्त. फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्याने एकदा ही बेरीज करावी.

मग जुन्या गिऱ्हाइकाने काय करावं? फोन आणि प्लॅन यांची गाठ सोडावी. एखाद्या वर्षामागचं मॉडेल, कोणत्याही कंपनीला न बांधलेलं, रोखीने घ्यावं. सॅमसंगचा एस-२४ आणि गुगलचा पिक्सेल ८ यांना सात वर्षं अपडेट देण्याचं वचन आहे. म्हणजे मागच्या वर्षीचा फोनही म्हातारा ठरत नाही. हातातला फोन फक्त बॅटरीमुळे रडत असेल, तर शंभरेक डॉलरची नवी बॅटरी आठशे डॉलरचा खर्च दोन वर्षं पुढे ढकलते. सेवेसाठी मिंट किंवा व्हिजिबलसारख्या स्वस्त कंपन्या आहेत. त्या बड्यांच्याच टॉवरवर चालतात. व्हिजिबल तर व्हेरायझनचीच आहे आणि मिंट २०२४ पासून टी-मोबाइलची. जुनी कंपनी सोडवत नसेल, तर निदान तिला फोन करून "मी निघालो" असं सांगावं. गिऱ्हाईक राखण्याचं काम करणाऱ्यांकडे जाहिरातीत न छापलेली सवलत कधी कधी असते. मात्र ती मागावी लागते.

मावशीच्या आयफोनचं काय? एटी अँड टी आणि टी-मोबाइल हप्ते फिटेपर्यंत फोनचं कुलूप काढत नाहीत, त्यामुळे तोवर त्यात पुण्याचं सिम चालणार नाही. त्यातून आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिम घालायची खाचच नाही, फक्त ई-सिम. आपल्याला हे सगळं अगदीच परकं नाही म्हणा. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत हातात दिलेला फोन आठवा. तोही त्याच एका कंपनीला बांधलेला होता.

म्हणून अमेरिकेतल्या आप्तांनी दुकानात शिरण्याआधी एक काम करावं: फोनचे हप्ते, प्लॅनचा वाढीव दर, कर आणि शुल्क यांची ३६ महिन्यांची बेरीज कागदावर मांडावी. ती रोखीने घेतलेला फोन आणि स्वस्त प्लॅन यांच्या बेरजेपेक्षा कमी आली, तरच खुशाल सही करावी.