रिआल्टो : व्हेनिसच्या सराफ्याची पत

व्हेनिसला गेलेला प्रवासी रिआल्टोचा पूल पाहतो, छायाचित्र काढतो आणि पुढे निघतो. पेढीवर वाढलेल्या माणसाने मात्र पुलाजवळच्या सान जाकोमो या छोट्या चर्चपाशी क्षणभर थांबावे. त्याच्या बाहेरील भिंतीवर एक प्राचीन लेख कोरलेला आहे. या मंदिराच्या परिसरात व्यापाऱ्यांचा व्यवहार न्यायाचा असावा, वजने खरी असावीत, करारात कपट नसावे, असा त्याचा आशय. हीनाधिक मापाने देणे-घेणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानणाऱ्या आपल्या समाजाला हा लेख परका वाटणार नाही.

प्रबोधनकाळात या चौकात सराफ बाके मांडून बसत. बाकाला इटालियन भाषेत ‘बांको’ म्हणतात. ‘बँक’ हा शब्द त्याच कुळातला. व्यापारी स्वतः बाकापाशी येऊन अमुक रक्कम तमक्याच्या खाती वर्ग करा, असे तोंडी सांगे आणि सराफ त्याच्यादेखत वहीत नोंद करी. ती नोंद हीच फेड. नाणी मोजण्या-पारखण्याचे श्रम त्यामुळे वाचत. १४९४ साली लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने व्हेनिसमध्येच छापलेल्या ग्रंथात येथील द्विनोंदी पद्धत सविस्तर मांडली. कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी अशा तीन वह्या ठेवाव्यात व आरंभी ईश्वराचे नाव लिहावे, असे तो सांगतो. आपल्या वहीपूजनाचे स्मरण येथे सहज होते.

परंतु चोख वही म्हणजे सुरक्षित पेढी नव्हे. ठेवीदारांचा पैसा सराफ व्यापारात गुंतवीत, सरकारलाही कर्जाऊ देत. १४९९ मध्ये तुर्कांशी युद्धाचे सावट असताना गार्झोनी आणि लिप्पोमानो या नामांकित पेढ्या पाठोपाठ बुडाल्या. त्याच वर्षी वास्को द गामा भारताचा सागरी मार्ग शोधून लिस्बनला परतला आणि मलबारच्या मिऱ्यांवरील व्हेनिसच्या वर्चस्वाला आव्हान मिळाले. १५१४ च्या जानेवारीत भीषण आगीत रिआल्टोचा बहुतांश बाजार भस्मसात झाला. तो पुन्हा उभा राहिला.

दगडी इमारती उभ्या करणे त्यामानाने सोपे होते. पत उभी करणे कठीण. १५८४ मध्ये पिसानी-तिएपोलो पेढीही बुडाली, तेव्हा शासनाने १५८७ साली रिआल्टोवर सार्वजनिक बँक स्थापन केली. ठेवी सांभाळणे व रकमा वर्ग करणे एवढेच तिचे काम ठरले. आजचा दगडी पूल त्यानंतरचा, १५८८ ते १५९१ मधला.

बँकेच्या नोकरीत मी असंख्य ताळेबंद तपासले. बेरजा बहुधा जुळत. तरीही काही खाती बुडत, कारण दुसऱ्याचा पैसा स्वतःचा समजून वापरला गेलेला असे. वही लिहिणाऱ्या प्रत्येक हाताने चर्चच्या भिंतीवरचा तो लेख ध्यानात ठेवावा.