सर्जन मंत्रालयात कशाला जातो?

तोंडाच्या कर्करोगाचा सर्जन जबड्याचा तुकडा काढतो, मांडीचं मांस-कातडं लावून गाल उभा करतो. तोवर कोपऱ्यावरची टपरी पुढचे रुग्ण तयार करत असते. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारखे सर्जन म्हणूनच मंत्र्यांची दारं ठोठावू लागले. ‘व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स’ या मोहिमेत तर रुग्णच मंत्र्यांसमोर बसले. अर्धा जबडा गेलेला माणूस समोर असला की आकडेवारी बाजूला राहते.

गुटखाबंदीची वाट मात्र आडबाजूने सापडली. सिगारेट-तंबाखूचा 2003 चा कायदा सज्ञानांना होणारी विक्री रोखत नाही. पण 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन चालत नाही. गुटखा खायचा, म्हणजे तो अन्न. मग त्यात तंबाखू कशी? या आधारावर 2012 च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशाने, पुढे केरळने आणि जुलैत महाराष्ट्राने बंदी घातली. आपली अधिसूचना वर्षभराची असते; दरवर्षी ती नव्याने काढावी लागते.

खरी झटापट झाली 2015 मध्ये. वेष्टनाच्या 85 टक्के भागावर सचित्र इशारा 1 एप्रिलपासून छापायचा होता. तेवढ्यात अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांच्या संसदीय समितीने तो थांबवायला सांगितलं. तंबाखू आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारा भारतीय अभ्यासच नाही, असं गांधींचं म्हणणं. फेब्रुवारीतच राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते! आणि अभ्यास? टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहतांनी महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक गावकऱ्यांची तोंडं तपासून 1972 मध्येच निष्कर्ष छापले होते. सरकारी तंबाखूविरोधी जाहिरातीचा चेहरा असलेल्या, चतुर्वेदींच्या रुग्ण सुनीता तोमर यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. ज्या दिवशी मोठा इशारा यायचा होता, त्याच 1 एप्रिलला त्या वारल्या. तो इशारा अखेर 2016 च्या 1 एप्रिलला आला.

शस्त्रक्रिया सोडून राजकारण कशाला, असं काही जण म्हणतात. मला तरी हे राजकारण शस्त्रक्रियेचाच भाग वाटतं. मर्यादा वेगळीच आहे: सर्जन नियम करून घेऊ शकतो, टपरीवरची पुडी उचलू शकत नाही. ते काम अन्न व औषध प्रशासन आणि पोलिसांचं. 2012 पासून ते अर्धवटच आहे.